नाक त्याचं, जीभ तिची

रेनिल्डला वास येईनासा झालाय हे गावात सगळ्यात आधी मला कळलं. तिनं सांगितलं नव्हतं. एका रविवारी दुपारी मी तिच्या रिकाम्या बाटल्या परत द्यायला गेले, तर ती स्वयंपाकघरात पेपर वाचत बसलेली आणि तिच्या पाठीमागे गॅसवर दूध करपून काळं झालेलं. दारातच माझ्या डोळ्यांत पाणी आलं, असा वास. ती मला म्हणाली, "ये ओडा, बस. दूध तापतंय, कॉफी घेऊ." मी गॅस बंद केला. तिनं पातेल्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि पेपराचं पान उलटलं. पुढे कित्येक महिने आम्ही दोघी त्या विषयावर बोललो नाही.

हीच बाई पूर्वी माझ्या कॅफेच्या उंबऱ्यावर उभी राहून सांगायची की आज फरशी कोणत्या साबणानं पुसलीय, आत कुठल्या टोपलीत कांदे सडायला लागलेत आणि सकाळी कोण पाईप ओढून गेलं. आमच्या या पट्ट्यात, ब्रसेल्सपासून खाली झेन नदीच्या काठानं, तिच्या नाकाला लोक मान द्यायचे. तिचं कामच नाकाचं. रेनिल्ड बिअर शिजवत नाही, ती बिअर जुळवते. थंडी पडली की शेजारच्या ब्रुअऱ्यांमधून जव-गव्हाचं गोड पाणी आणायचं, उघड्यावर रात्रभर निवलेलं, हवेतलं यीस्ट आपसूक पडलेलं. ते ओकच्या जुन्या पिंपांत भरायचं आणि विसरायचं. कुठलं एका वर्षात तयार होतं, कुठल्याला तीन लागतात. मग हिवाळ्यात पिंपापिंपातून थोडं थोडं काढून हुंगायचं, चाखायचं, कोवळी आणि जुनी बिअर एकत्र करायची, बाटलीत भरून बूच ठोकायचं, आणि बाटल्या पुन्हा तळघरात आडव्या ठेवून द्यायच्या. बाटलीत ती दुसऱ्यांदा जागी होते, फेस धरते आणि शांत होत जाते. रेनिल्डचा बाप हेच करायचा. भाऊ नव्हता, लग्न तिनं केलं नाही, तेव्हा पिंपं तिच्याकडे आली.

पिंपांबरोबर गिस्लाँही आला. तो पिंपं दुरुस्त करायचा. टेकडीपलीकडच्या फ्रेंच बोलणाऱ्या गावातला माणूस, पण बायको आमच्या गावची, त्यामुळे आयुष्य इथंच गेलेलं. आमची भाषा तो भराभरा बोलायचा, फक्त तिच्यातली लिंगं त्याला शेवटपर्यंत जमली नाहीत. 'तो बाटली', 'ती पिंप', असं चालायचं. रेनिल्ड दर वेळी दुरुस्त करायची आणि तो दर वेळी मान डोलावून पुन्हा तेच म्हणायचा. मला वाटतं, पुढे पुढे तो मुद्दाम करत असावा.

त्याची बायको गेली, त्यानंतर काही वर्षांनी रेनिल्डनं त्याला एका गुरुवारी विचारलं, की एकटीच्या चवीवर भरवसा ठेवून कंटाळा आलाय, जरा खाली येऊन चाखून जा. तेव्हापासून हिवाळ्यातला प्रत्येक गुरुवार त्या दोघांचा झाला. मी अधूनमधून पाव आणि ताजं चीज घेऊन जायचे. दोघं लोकरीच्या टोप्या घालून, ती तिच्या निळ्या लोकरी जाकिटात, पिंपासमोर उभे, हातात एकेक छोटा ग्लास, आणि बराच वेळ नुसतं हुंगणं, चाखणं. मग ती म्हणायची, "हिला अजून एक उन्हाळा." तो म्हणायचा, "दोन." आणि मग भांडण. गावात लोक काय बोलायचे ते मला माहीत होतं, माझ्याच कॅफेत बोलायचे. मी म्हणायचे, तुम्हाला काय करायचंय, बिअर चांगली होते ना, गप प्या.

ते एकमेकांना काही बोलले नाहीत. मी स्वतः एकदा रेनिल्डला छेडलं होतं. ती म्हणाली, "ओडा, या वयात माणूस खुर्चीसुद्धा जागेवरून हलवत नाही." मी विषय सोडून दिला.

तो शेवटचा हिवाळा चांगला होता. पिंपं भरभरून देत होती. त्या दोघांनी जुळवलेली बिअर दोघांनाही इतकी आवडली की भांडणच झालं नाही, आणि त्याचंच रेनिल्डला आश्चर्य वाटत होतं. बाटल्या भरून झाल्यावर ठरलं की यातली पहिली बाटली तिसरा उन्हाळा सरल्यावर उघडायची, तिघांनी मिळून. मला त्यात का घेतलं ते ठाऊक नाही. पाव कापायला कुणीतरी हवं म्हणून असेल.

त्याच वसंतात फ्रान्सच्या डोंगराळ भागातून, जुरामधून, गिस्लाँच्या मुलीचा, अलीनचा, फोन आला. तिचा नवरा लाकडं तोडताना झाडाखाली सापडून गेला होता. घरात दोन लहान मुली, गोठ्यात गाई. गिस्लाँ दुसऱ्या दिवशी निघाला. थोड्या दिवसांसाठी म्हणून गेला. पानगळ झाली, हिवाळा झाला, मग त्यानं वर्कशॉपमधली हत्यारं मागवून घेतली, आणि आम्ही समजलो.

रेनिल्ड गुरुवारी तळघरात जायची आणि नेहमीपेक्षा लवकर वर यायची. पुढच्या वर्षी फेब्रुवारीत तिला ताप आला. बरेच दिवस अंथरुणाला खिळली. ताप उतरला, खोकला गेला, वास परत आला नाही. डॉक्टर म्हणाला, येईल, कधी सांगता येत नाही, कधी कधी येतही नाही.

डॉक्टरचं हे बोलणं तिनं मला नंतर सांगितलं. त्या करपलेल्या दुधानंतर मला एवढंच दिसलं की हिवाळा आला तरी तिनं बिअर जुळवायला घेतली नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, पिंपं अजून तयार नाहीत. पिंपं तयार असतात की नाही हे तिच्याशिवाय कुणाला कळणार? लोक मान डोलावून जायचे. मला मात्र रात्री झोप लागायची नाही. पिंपातली बिअर थांबत नाही. योग्य वेळी काढली नाही तर तिचा शिरका होतो.

गिस्लाँ तीन उन्हाळे सरल्यावर खरंच आला. नोव्हेंबर लागला होता, सर्व संतांचा सण. दर वर्षी या दिवसांत आम्ही आपापल्या माणसांच्या थडग्यांवर शेवंतीच्या कुंड्या ठेवतो. तो बायकोच्या थडग्यावर कुंडी ठेवून तसाच माझ्याकडे कॉफी प्यायला आला. वाळला होता. दाढी ठेवली होती. मुलीबद्दल बोलला, नातींबद्दल बोलला, गाईंची नावं सांगितली. मग कपात बघत त्यानं विचारलं, ती बरी आहे ना. मी म्हटलं, स्वतःच बघ. जास्त काही सांगायचा मला हक्क नव्हता.

संध्याकाळी चारच्या सुमाराला आम्ही तिच्या तळघरात उतरलो. तिनं टेबलावर स्वच्छ फडका घातला होता, तीन ग्लास मांडले होते. केस विंचरले होते, ओठांना काहीतरी लावलं होतं. त्यांची भेट अशी झाली की गिस्लाँ म्हणाला, "पायऱ्या अजून तशाच निसरड्या आहेत," आणि ती म्हणाली, "तू सोडून कुणी पडलं नाही अजून." दोघांनी हात मिळवले. हात सुटायला नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ लागला, एवढंच.

गिस्लाँनं बाटली उचलली, आडवी होती तशीच, हलू न देता. बूच काढलं. नीट आवाज झाला. त्यानं तिघांना ओतली. फेस छान होता, रंग जुन्या पितळेसारखा. मी ग्लास नाकाजवळ नेला आणि थांबले. भिजून वाळलेल्या पुठ्ठ्याचा वास येत होता, कुबट, बंद कपाटासारखा. बूच खराब निघालं होतं. असं होतं कधी कधी, कितीही काळजी घेतली तरी. मी गिस्लाँकडे बघितलं. त्यानंही वास घेतला होता. तो तोंड उघडणार, एवढ्यात रेनिल्डनं एक घोट घेतला, डोळे मिटले आणि म्हणाली, "छान उतरलीय. लिंबाच्या सालीचा वास आधी येतोय बघ. मग सुकं गवत. आणि शेवटी थोडा मध."

गिस्लाँनं ग्लास खाली ठेवला.

ती बोलतच राहिली. आपण म्हणालो होतो तसंच झालंय, जुन्या पिंपाची बिअर थोडी जास्त घातली ते बरंच झालं, वगैरे. सगळं पाठ केलेलं. आमच्या दोघांच्या शांततेनं तिचा आवाज हळूहळू बारीक होत गेला आणि मग थांबला. वर रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला.

"बूच खराब आहे, रेनिल्ड," तो म्हणाला. "ओल्या पुठ्ठ्याचा वास मारतोय."

ती ग्लासाकडे बघत राहिली. मग खुर्ची ओढून बसली.

"कधीपासून?" त्यानं विचारलं.

"मागच्या वर्षीच्या तापापासून."

"मला सांगायचं होतंस."

"काय करणार होतास? नाक पोस्टानं पाठवणार होतास?"

मी पायरीवर बसले होते. मला वाटलं, आता आपण उठावं, वर जाऊन पाव कापत बसावं. पण उठले असते तर आवाज झाला असता. आणि खरं सांगायचं तर मला जावंसंही वाटत नव्हतं.

मग ती बोलली. बिअरबद्दल नाही. ती म्हणाली की सकाळी खिडकी उघडते तेव्हा बाहेर काहीच नसतं. चित्र असतं नुसतं. सूप म्हणजे गरम आणि खारट. साबण म्हणजे बुळबुळीत. बापाचा कोट तिनं कपाटात जपून ठेवला होता, तो काढून तोंडाशी धरला, तर जाडेभरडं कापड. "मी तळघराचं दार उघडते," ती म्हणाली, "आणि कुठल्या परक्या माणसाच्या तळघरात आल्यासारखं वाटतं. पिंपं ओळखीची, पण ती मला ओळख दाखवत नाहीत."

गिस्लाँ उठला. रांगेतून त्यानं दुसरी बाटली आणली, बूच काढलं, स्वतः हुंगलं, आणि मान डोलावली. नवे ग्लास मिळेनात म्हणून तेच धुऊन आणले. तिच्यासमोर ग्लास ठेवून तो तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसला.

"ही चांगली आहे," तो म्हणाला. "मी सांगतो. तू फक्त ऐक."

"तुला शब्द कुठे येतात?" ती म्हणाली. "तू आयुष्यभर 'बरी आहे' आणि 'बरी नाही' एवढंच म्हणत आलास."

"म्हणून हळूहळू सांगतो."

त्यानं ग्लासात नाक घातलं आणि बराच वेळ काढला. मग म्हणाला, ओक ओलं असताना रंधा मारला की पहिली चिलपी निघते ना, तिचा वास. हा सगळ्यात खाली आहे, पायासारखा. त्यावर घोड्याच्या पाठीवरचं घोंगडं, पण उन्हात वाळवलेलं. तुझ्या बापाच्या तबेल्यात दाराच्या आत खुंटीला असायचं तसलं. मग सफरचंदं. चांगली नाही, मागच्या दारी झाडाखाली पडलेली, गोगलगायींनी अर्धी खाल्लेली. मग काहीतरी तिखट, संत्र्याची साल नखानं दाबल्यावर उडतं तसं. ते येतं आणि जातं.

तो एकेक सांगायचा आणि ती एकेक घोट घ्यायची. मध्येच ती म्हणाली, "आंबटपणा जिभेच्या कडांना लागतोय, पण गळ्यात खुपत नाही. शेवटी कडू आहे, अगदी थोडं, दातांच्या मागे."

"ते मला नाही लागलं," तो म्हणाला. त्यानं पुन्हा घोट घेतला. "हो. आहे."

मग त्यानं पुन्हा हुंगलं. ग्लास नाकाशीच धरून ठेवला होता.

"अजून काय?" तिनं विचारलं.

"काही नाही."

"गिस्लाँ, अजून काय?"

"तुझा निळा जाकीट," तो म्हणाला.

तिनं दुरुस्त केलं नाही. म्हणाली, "बिअरमध्ये जाकीट कुठून येणार?"

"मला काय माहीत. मला येतोय. तू शेजारी उभी असायचीस. मी ग्लासात नाक घातलं की आधी तेच यायचं, मग बाकीचं. तिकडे डोंगरात अलीननं दुकानातून आपली बिअर आणली होती एकदा. उघडली, तर सगळं होतं आणि एवढंच नव्हतं. मी पूर्ण प्यायलो नाही."

पायरीवर माझे पाय बधिर झाले होते तरी मी हलले नाही. रेनिल्डनं फडक्याची घडी केली, पुन्हा उलगडली.

"कसा वास होता त्याला?" तिनं शेवटी विचारलं.

त्यानं विचार केला. "पावसात भिजलेल्या मेंढीचा."

ती हसली. इतके महिने मी तिचं हसू बघितलं नव्हतं. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, आणि तिनं ते पुसलं नाही, तसंच वाहू दिलं. मी वर जाऊन पाव कापला.

गिस्लाँ सण झाला की परत जाणार होता. त्यानं माझ्या कॅफेतून अलीनला फोन केला आणि काय ते बोलला. फ्रेंच मला येतं, पण मी ऐकलं नाही. तो डिसेंबर अर्धा होईपर्यंत राहिला. माझ्या वरच्या खोलीत झोपायचा आणि सकाळी तिच्या तळघरात जायचा, रोज, फक्त गुरुवारी नाही.

त्यांनी सगळी पिंपं एकेक करून काढली. तो हुंगायचा आणि सांगायचा, ती चाखायची आणि ठरवायची. नाक त्याचं, जीभ तिची. भांडणं पूर्वीपेक्षा जास्त झाली, कारण त्याला दिसणारी सफरचंदं तिच्या सफरचंदांशी जुळायला हवी होती. "हिरवी की पिवळी?" ती विचारायची. "पडलेली की झाडावरची? सकाळची की दुपारची?" तो वैतागायचा. एकदा टोपी फेकून वर आला आणि माझ्याकडे सूप प्यायला बसला. म्हणाला, "ही बाई मला वास घ्यायला लावत नाही, परीक्षेला बसवते." सूप संपवून परत खाली गेला.

उत्तरेच्या भिंतीकडच्या एका मोठ्या पिंपाशी तो बराच वेळ थांबला. मी तेव्हा तिथं होते. त्यानं तिच्याकडे बघितलं आणि तिला कळलं. तिनं चाखलं. "गेली," ती म्हणाली. "मागच्याच हिवाळ्यात काढायला हवी होती." ती पिंपाच्या फळ्यांवरून हात फिरवत राहिली. शेवटी मीच म्हटलं, मला दे, काकड्या घालते त्यात. माझ्या कॅफेत अजून त्या शिरक्यातल्या काकड्या आहेत, आणि लोक मागून मागून खातात.

नवी बिअर जुळली. चांगली आहे असं तो म्हणाला, बरी आहे असं ती म्हणाली. बाटल्या भरल्या, बुचं ठोकली, आडव्या लावल्या. दुसऱ्या दिवशी त्याला निघायचं होतं. जेवायला तिघंही तिच्याकडे होतो, ससा आणि सुकी आलुबुखारं शिजवली होती. करपत नाहीये ना, ते मला हुंगायला लावलं. जेवण झाल्यावर गिस्लाँ म्हणाला, "तीन उन्हाळे गेले की येतो. उघडायला."

"त्याआधी ये," रेनिल्ड म्हणाली.

मी तिला जन्मापासून ओळखते. बिअर तयार व्हायच्या आधी कुणाला ये म्हणताना तिला मी कधी ऐकलं नव्हतं.

त्यानं ताटातलं हाड बाजूला सारलं. मग म्हणाला की मुली लहान आहेत, अलीन एकटी गोठा आणि घर ओढतेय, तो येईन म्हणेल आणि जमणार नाही. "म्हणून म्हणत नाही," तो म्हणाला.

"नको म्हणूस," ती म्हणाली. "मी म्हटलं, ते ऐकलंस ना?"

"ऐकलं."

तो गेला. आता गुरुवारी त्याचा फोन येतो. ती ग्लास हातात धरून फोनवर बोलते. त्याला तिकडून वास येत नाही आणि तिला इकडे येत नाही, तरी अर्धा तास चालतं. एकदा ती ग्लास घेऊन माझ्याकडे आली, काउंटरवर ठेवला आणि म्हणाली, "हुंग आणि सांग." मी हुंगलं. म्हटलं, "बिअरचा येतोय." तिनं ग्लास उचलला आणि म्हणाली, "तुझ्याच्यानं नाही व्हायचं."

जूनमध्ये, पिंपांना सगळ्यात जास्त बघावं लागतं त्या दिवसांत, तिनं तळघराची किल्ली माझ्याकडे दिली आणि जुराला गेली. आयुष्यात पहिल्यांदा. दोन आठवड्यांनी परत आली ती उन्हानं रापून. मी तिच्यापुढे कॉफी ठेवली आणि वाट बघितली. मग हळूहळू सांगू लागली. मुली दंगा करतात, त्यातली धाकटी त्याच्यासारखीच हट्टी आहे. त्यानं गोठ्याच्या मागे छोटं वर्कशॉप थाटलंय, तिकडच्या वाइनवाल्यांची पिंपं दुरुस्त करतो. गवत कापायचे दिवस होते. तो तिला शेताच्या बांधावर घेऊन बसायचा आणि वारा आला की सांगायचा, आता गवत, आता गाई, आता खालच्या ओढ्यातला पुदिना.

"मग राहायचं होतंस," मी म्हटलं.

"पिंपं आहेत ना."

"पिंपं काय, मी बघितली असती."

तिनं कप बशीत फिरवला. म्हणाली, निघायच्या आदल्या दिवशी तो ओकची फळी तासत होता. त्याच्या हातांना ओकचा वास असतो, नेहमीच असायचा, तळघरात त्यानं ग्लास पुढे केला की तिला आधी तो यायचा. हे तिनं त्याला कधी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी सांगितलं. आणि त्याचा हात घेऊन नाकाशी धरला.

"आला?" मी विचारलं.

"काही नाही. गरम होता नुसता."

"मग?"

"मग तसाच धरून बसले," ती म्हणाली, आणि किल्लीसाठी हात पुढे केला.